‘जॅन्युअरी’ म्हणजे शून्य: जावाचा कॅलेंडर क्लास आणि एका वाचनालयाची थकबाकी

एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्गणीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही २०११ साली जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला होता. सभासदाने महिन्याची वर्गणी भरली की त्याची मुदत एका महिन्याने पुढे सरकावी, एवढेच काम करणारी एक ओळ त्यात होती आणि ती मी लिहिली होती. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर काही महिन्यांतच थकबाकीदारांची यादी आखूड होऊ लागली. कार्यवाहांनी ती संगणकाची किमया मानली आणि कार्यकारिणीच्या बैठकीत आमचे कौतुकही केले. खरा प्रकार देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या लेखनिकाने उघडकीला आणला. एका सभासदाची मुदत ३० जून २०११ रोजी संपत होती आणि वर्गणी भरल्यावर ती ३० जुलैपर्यंत जायला हवी होती, पण पडद्यावर ३० जून २०१३ ही तारीख दिसत होती. एका महिन्याच्या पैशांत दोन वर्षे मिळालेल्या सभासदांपैकी एकानेही तक्रार केली नव्हती, आणि ती कोणी करावी अशी अपेक्षाही नव्हती.

ओळ अशी होती: ‘मुदत.ॲड(१, कॅलेंडर.मंथ)’. ती ‘मुदत.ॲड(कॅलेंडर.मंथ, १)’ अशी हवी होती. ‘कॅलेंडर’ हा जावातला तारखांचा क्लास आहे, म्हणजे माहिती आणि तिच्यावर करायची कामे एकत्र बांधणारा साचा; अशा एकेका कामाला मेथड म्हणतात. ‘ॲड’ या मेथडला आधी कोणता घटक वाढवायचा ते सांगायचे असते आणि मग कितीने वाढवायचा ते. मी क्रम उलटा केला. मराठीत आपण ‘एक महिना वाढव’ म्हणतो आणि हाताने तेच लिहिले गेले. लिहिलेला प्रोग्रॅम तपासून संगणकाला चालवता येईल अशा रूपात नेणाऱ्या कंपायलरने मात्र ते विनातक्रार स्वीकारले, कारण ‘कॅलेंडर.मंथ’ या नावामागे २ हा पूर्णांक आहे आणि १ हा आकडा त्याच क्लासात ‘इयर’ या घटकाचा क्रमांक आहे. त्यामुळे माझ्या ओळीचा अर्थ ‘वर्षात २ मिळव’ असा झाला, आणि संगणकाने तो अक्षरशः अमलात आणला.

हा निष्काळजीपणा होताच, पण चुकीला वाट मिळाली ती रचनेत. ज्या क्लासाने चाळीसहून अधिक स्थिरांकांना, म्हणजे न बदलणाऱ्या किमतींना, नावे दिली, त्यातले बहुतेक शब्द नीट निवडले आणि प्रत्येकासमोर खुलासा लिहिला, त्याच क्लासात महिन्याचे नाव देऊन वर्ष बदलता येत असेल, तर नावे देण्याच्या कामात कोणता भाग राहून गेला होता, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

शून्याचा वारसा

महिने शून्यापासून मोजण्याची सवय जावाची स्वतःची नाही. सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत, म्हणजे भाषेबरोबर मिळणाऱ्या तयार कोडाच्या संग्रहात, तारीख-वेळ ठेवण्यासाठी ‘टीएम’ नावाचे स्ट्रक्चर आहे. त्यात महिना ० ते ११, आठवड्याचा वार रविवारपासून ० ते ६, महिन्यातला दिवस मात्र १ ते ३१ आणि वर्ष १९०० पासून किती पुढे गेले तेवढे, असा हिशेब असतो. ही विसंगती वाटते, पण तिच्यामागे एक सूत्र आहे. महिना आणि वार नावाने छापायचे असतात. नावांचा ॲरे, म्हणजे ओळीने क्रमांक दिलेली यादी, शून्यापासून सुरू होतो. म्हणून हे दोन आकडे थेट ॲरेतले स्थान म्हणून वापरता यावेत असे ठेवले गेले. महिन्यातल्या दिवसाला नाव नसते, म्हणून तो माणसासारखा एकपासून मोजला. आकडा हा आकडाच असून तो कशासाठी वापरायचा हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवायचे, या सीच्या जगात ही सोय समजण्यासारखी होती.

जानेवारी १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्या ‘डेट’ क्लासने हा हिशेब जसाच्या तसा उचलला. १९९६ साल तिथे ९६ म्हणून परत येत असे. जावाच्या धर्तीवर बेतलेल्या जावास्क्रिप्टच्या तारखेतही हेच उतरले. तिथल्या वर्षाच्या आकड्यापुढे ‘१९’ जोडून छापणाऱ्या अनेक संकेतस्थळांवर २००० सालाच्या पहिल्या दिवशी ‘१९१००’ हे वर्ष झळकले, ते याच वारशामुळे.

फेब्रुवारी १९९७ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीत ‘डेट’च्या बहुतेक मेथड कालबाह्य ठरवून ‘कॅलेंडर’ आणि ‘ग्रेगोरियन कॅलेंडर’ हे क्लास आणले गेले. हे काम टॅलिजंट या कंपनीकडून आले होते. चुका सुधारण्याची ती खरी संधी होती, आणि काही सुधारल्याही. वर्ष आता पूर्ण चार आकडी झाले आणि वार रविवारपासून १ ते ७ झाले. महिना मात्र शून्यावरच राहिला. म्हणजे तीन विसंगतींपैकी दोन काढल्या आणि जी सर्वांत जास्त वापरली जाणार होती ती ठेवली. माझ्या मते तिन्ही ठेवल्या असत्या तर इतका त्रास झाला नसता, कारण मग ‘इथे सगळे शून्यापासून’ एवढे एकच ध्यानात ठेवायचे होते. अर्धवट दुरुस्तीनंतर मात्र प्रत्येक घटकाचा नियम वेगळा पाठ करावा लागला.

या अर्धवटपणाचा सर्वांत बोलका पुरावा तारखा छापण्यासाठी नावे पुरवणाऱ्या ‘डेट फॉरमॅट सिम्बॉल्स’ या क्लासात मिळतो. त्याच्याकडे महिन्यांची नावे मागितली तर तेरा नावांचा ॲरे येतो आणि ग्रेगोरियन पद्धतीत त्यातले शेवटचे नाव रिकामे असते. वारांची नावे मागितली तर आठ नावांचा ॲरे येतो आणि त्यातले पहिले नाव रिकामे असते, कारण रविवार १ आहे आणि शून्याच्या घरात बसायला कोणी नाही. आमच्या वाचनालयाच्या पावतीच्या पडद्यावर महिना निवडण्याची यादी याच ॲरेतून भरली होती, त्यामुळे ‘डिसेंबर’खाली एक कोरी ओळ दिसत असे. लेखनिकाने ती एकदा निवडून पाहिली आणि पावती पुढच्या वर्षीच्या जानेवारीची निघाली. कॅलेंडर क्लास मुळात उदारमतवादी आहे: १२ हा महिना दिला तर तो नाकारण्याऐवजी पुढच्या वर्षाचा पहिला महिना असा अर्थ लावतो, आणि ३० फेब्रुवारी २००० दिली तर १ मार्च २००० करून देतो. कडक तपासणीचा पर्याय त्यात आहे, पण तो मागून घ्यावा लागतो.

तेराव्या घरातला पाहुणा म्हणजे ‘अनडेसेंबर’ हा स्थिरांक. ग्रेगोरियन पद्धतीत त्याचा उपयोग नाही, चांद्र कालगणनांना तो लागेल, असे त्याच्या दस्तऐवजात म्हटले आहे. पंचांगाची सवय असलेल्या वाचकाला इथे अडखळायला होईल, कारण आपल्याकडे तेरावा महिना वर्षाच्या शेवटी येत नाही. २०२३ साली अधिक श्रावण हा निज श्रावणाच्या आधी आला होता, आणि त्याला स्वतःचे वेगळे नाव नसून ‘अधिक’ हे विशेषणच होते. त्यामुळे तेरावा क्रमांक राखून ठेवल्याने ही गणना मांडता येत नाही. त्यासाठी महिना कोणता आणि तो अधिक आहे का, अशा दोन वेगळ्या गोष्टी लागतात. वर्षाच्या शेवटी तेरावा लहान महिना असलेल्या इथिओपियाच्या किंवा कॉप्टिक कालगणनेला ‘अनडेसेंबर’ शोभेल, पण त्या चांद्र नाहीत. एका नावाने केवढे गृहीत धरले जाते याचा हा नमुना आहे.

एकाच पिशवीतले आकडे

शून्यापासून मोजणी हा या क्लासाचा गाजलेला दोष असला तरी वाचनालयातला घोळ त्यामुळे झालेला नव्हता. महिने एकपासून मोजले असते तरी माझी उलटी ओळ तशीच चालली असती. तिचे मूळ स्थिरांकांच्या मांडणीत आहे.

कॅलेंडर क्लासात किमान चार जातींचे स्थिरांक एकत्र राहतात. पहिली जात घटकांच्या क्रमांकांची: ‘इरा’ ०, ‘इयर’ १, ‘मंथ’ २, असे करत ‘डीएसटी ऑफसेट’ १६ पर्यंत. दुसरी महिन्यांची, ० ते १२. तिसरी वारांची, १ ते ७. चौथी ‘एएम’ आणि ‘पीएम’ यांची, ० आणि १. या चारही जातींचा टाइप, म्हणजे किमतीचा प्रकार, एकच, साधा पूर्णांक, आणि घरही एकच. परिणामी १ या आकड्याला ‘इयर’, ‘संडे’, ‘फेब्रुअरी’ आणि ‘पीएम’ अशी चार नावे झाली. २००६ च्या सहाव्या आवृत्तीत नावांच्या लांबीसाठी ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ हे स्थिरांक त्याच घरात आणून बसवले, तेव्हा ‘शॉर्ट’ हे पाचवे नाव मिळाले. २ या आकड्यावर ‘मंथ’, ‘मंडे’, ‘मार्च’ आणि ‘लाँग’ बसले आहेत.

यातून निघणारी वाक्ये वाचायला गमतीची आहेत. कॅलेंडरकडे ‘फेब्रुअरी’ हा घटक मागितला तर तो चालू वर्ष देतो. ‘मार्च’ मागितला तर महिना देतो, आणि ‘जून’ मागितला तर आजची तारीख देतो, कारण जूनचा आकडा ५ आणि ‘डेट’ या घटकाचा क्रमांकही ५. यातले एकही वाक्य कंपायलर अडवत नाही, कारण त्याच्या लेखी ही सगळी ‘पूर्णांक दे, पूर्णांक घे’ अशीच वाक्ये आहेत. नाव वाचणारा फक्त माणूस असतो, आणि माणसाचे लक्ष नसेल त्या क्षणी नावाचा पहारा उठतो.

हे नाव किती वरवरचे आहे ते कंपायलरच्या पुढच्या पायरीवर कळते. जावात साध्या टाइपचा आणि लिहितानाच किंमत ठरलेला स्थिरांक दुसऱ्या क्लासात वापरला, की कंपायलर तिथे नावाऐवजी थेट आकडाच कोरतो. आमच्या प्रोग्रॅमच्या तयार फाइलमध्ये ‘कॅलेंडर.मंथ’ हा उल्लेख उरलाच नव्हता, नुसता २ होता. जावाच्या कर्त्यांना जॅन्युअरीची किंमत पुढे बदलता आली नाही, यामागे हेही एक कारण आहे. उद्या लायब्ररीत ‘जॅन्युअरी’ १ केला असता, तरी जगभरात आधीच कंपाइल होऊन पडलेल्या फाइलींमध्ये ० कोरलेला राहिला असता, आणि नव्याने कंपाइल झालेल्या फाइलींमध्ये १ गेला असता. एकाच प्रोग्रॅमचे दोन भाग जानेवारीबद्दल वेगवेगळे बोलू लागले असते. ज्या स्थिरांकाला स्वतःचा टाइप नाही, त्याची चूक प्रसिद्ध झाल्या दिवशीच कायमची होते.

घर एकच असण्याचा त्रास २००४ च्या पाचव्या आवृत्तीनंतर आणखी ठळक झाला. त्या आवृत्तीत ‘स्टॅटिक इम्पोर्ट’ची सोय आली आणि क्लासाचे नाव न लिहिता स्थिरांक वापरता येऊ लागले. ‘कॅलेंडर’ हा उपसर्ग निदान संदर्भ तरी देत होता. तो गेल्यावर ‘मंथ’, ‘डेट’, ‘शॉर्ट’ आणि ‘लाँग’ ही नावे पानावर उघडी पडली. ती कोणाची, कोणत्या जातीची आणि कोणाबरोबर वापरायची, हे सांगणारे काहीच उरले नाही. ज्या नावाला पूर्ण अर्थासाठी शेजारच्या शब्दाचा टेकू लागतो, ते नाव कुठे ठेवले आहे हा त्या नावाचाच भाग असतो.

इथे लिपीबद्दल एक निरीक्षण नोंदवतो. जावाच्या प्रथेप्रमाणे स्थिरांक पूर्णपणे मोठ्या लिपीत, टाइपचे पहिले अक्षर मोठे आणि चल लहान अक्षराने सुरू, असे लिहितात. त्यामुळे इंग्रजीत ‘मंथ’ हा स्थिरांक, ‘मंथ’ हा टाइप आणि ‘मंथ’ हा चल नजरेला वेगळे दिसतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्याने या लेखात मला प्रत्येक वेळी ‘हा स्थिरांक’, ‘हा टाइप’ असे म्हणावे लागते. जावा देवनागरी नावे स्वीकारते, आणि तशी नावे वापरून शिकवू पाहणाऱ्यांना ही अडचण पहिल्याच दिवशी भेटते. पण यावरून हेही दिसते की अक्षराचा आकार हा माणसाला केलेला इशारा आहे. कंपायलरचे त्यावाचून काही अडत नाही.

शब्दांची निवड

नावे बहुतांशी चांगली होती असे वर म्हटले, तरी काही नावांनी बराच त्रास दिला. ‘अवर’ हा स्थिरांक बारा तासांच्या घड्याळातला तास देतो आणि चोवीस तासांच्या घड्याळासाठी ‘अवर ऑफ डे’ आहे. साधे, आखूड नाव सहज हाताशी येते. म्हणून ते नेहमी लागणाऱ्या गोष्टीला द्यावे अशी अपेक्षा असते. इथे नेमके उलट झाले आणि दुपारी दोनला बसवलेल्या कामाची वेळ रात्री दोन झाली, असे प्रसंग कित्येकांनी अनुभवले. ‘डेट’ आणि ‘डे ऑफ मंथ’ ही एकाच क्रमांकाची दोन नावे आहेत, त्यामुळे नवशिक्या माणूस दोन्हींतला फरक शोधत बसतो.

खुद्द क्लासांची नावेही तपासण्यासारखी आहेत. ‘डेट’ हा क्लास तारीख नसून १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून मोजलेला मिलिसेकंदांचा क्षण आहे. ‘कॅलेंडर’ ही नुसती कालगणनेची पद्धत नसून एक क्षण, एक कालविभाग (टाइम झोन) आणि एक पद्धत यांची मोट आहे. ज्याला दिनदर्शिका हवी त्याला क्षण मिळतो आणि ज्याला वाढदिवस साठवायचा आहे त्याला मध्यरात्रीची वेळ व कालविभागही गळ्यात घ्यावा लागतो.

एक पाऊल, मग दुसरे

स्वतंत्र टाइपचे स्थिरांक ही काही १९९७ नंतरची कल्पना नव्हे. पास्कल भाषेत १९७० पासून मोजक्या नावांचा स्वतःचा टाइप घोषित करता येत होता, आणि तिथे वार व महिना यांची गल्लत कंपायलरच पकडत असे. सीमध्ये नंतर असाच मोजक्या नावांचा टाइप ‘एनम’ या नावाने आला, पण तो आतून पूर्णांकच राहिला. जावाच्या सुरुवातीला ही सोय ठेवलीच नव्हती. क्लास वापरून तशी रचना हाताने करता येत असे, पण ती लांबलचक होती आणि किमतीप्रमाणे वाट निवडणाऱ्या ‘स्विच’ या रचनेत चालत नसे. २००४ मध्ये खरे एनम आले तोपर्यंत कॅलेंडर क्लास सात वर्षे वापरात मुरला होता.

दुरुस्ती दोन पायऱ्यांनी झाली, आणि त्यामुळे दोन दोष एकमेकांपासून वेगळे पाहता येतात. स्टीफन कोलबोर्न यांनी सुरू केलेल्या जोडा-टाइम या लायब्ररीत जानेवारी १ झाला आणि आठवडा सोमवारपासून १ ते ७ झाला. शून्याचा दोष संपला. पण हे सारे स्थिरांक ‘डेटटाइम कॉन्स्टंट्स’ नावाच्या एकाच क्लासात, साधे पूर्णांक म्हणूनच राहिले. तिथेही जानेवारी आणि सोमवार एकमेकांच्या जागी बसू शकत होते. दुसरी पायरी मार्च २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीबरोबर आली. २००७ पासून जेएसआर ३१० या जावातील बदलाच्या औपचारिक प्रस्तावाखाली चाललेले आणि कोलबोर्न ज्यात प्रमुख होते ते काम ‘जावा.टाइम’ हे पॅकेज म्हणून भाषेत दाखल झाले.

या पॅकेजमधली मांडणी बारकाईने पाहावी अशी आहे. महिना हा ‘मंथ’ नावाचा एनम टाइप झाला, वार हा ‘डे ऑफ वीक’ नावाचा. घटक ‘क्रोनो फील्ड’मध्ये गेले आणि मोजमापाची एकके ‘क्रोनो युनिट’मध्ये. कॅलेंडरमध्ये ‘महिना कोणता’ आणि ‘किती महिने’ या दोन्ही प्रश्नांना ‘मंथ’ हा एकच स्थिरांक होता. आता घटकाचे नाव ‘मंथ ऑफ इयर’ आणि एककाचे नाव अनेकवचनी ‘मंथ्स’. घटक एकवचनी, एकक अनेकवचनी, हा नियम ‘डेज’, ‘अवर्स’, ‘मिनिट्स’ असा बहुतेक ठिकाणी पाळला आहे. ‘क्रोनो फील्ड’मध्ये नुसते ‘अवर’ हे नाव ठेवलेलेच नाही. ‘अवर ऑफ डे’ किंवा ‘अवर ऑफ एएमपीएम’ असे पूर्ण म्हणावेच लागते. चुकीचा अर्थ लागू शकणारे आखूड नाव कोणालाच न देण्याचा हा निर्णय मला या साऱ्या कामातला सर्वांत शहाणा वाटतो.

बाकीचे स्थिरांकही आपापल्या टाइपच्या घरी गेले. मध्यरात्र आणि दुपारचे बारा ‘लोकल टाइम’मध्ये, शून्य कालावधी ‘ड्युरेशन’मध्ये, १९७० चा आरंभक्षण ‘इन्स्टंट’मध्ये, प्रमाण तारखेचा साचा ‘डेटटाइम फॉरमॅटर’मध्ये. ‘कॉन्स्टंट्स’ नावाचे गोदाम कुठेच नाही. क्षणाला ‘इन्स्टंट’ आणि निव्वळ तारखेला ‘लोकल डेट’ ही नावे मिळाल्याने जुन्या ‘डेट’ची संदिग्धताही गेली. आणि माझी ओळ? आता ती ‘मुदत.प्लस(१, क्रोनो युनिट.मंथ्स)’ अशी होते. योगायोगाने इथे संख्या आधी आणि एकक नंतर आहे, म्हणजे माझ्या हाताला वळण होते तसेच. पण क्रम उलटा केला तरी आता बिघडत नाही, कारण एकक हा आकडा नाही आणि ते आकड्याच्या जागी बसवले तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. त्याहून सोपी ‘प्लस मंथ्स(१)’ ही मेथड आहे, जिथे उलटे करायला दुसरे काही उरतच नाही.

काही फटी मात्र राहिल्या आहेत. ‘लोकल डेट’ तयार करताना महिना एनम म्हणून देता येतो तसा आकडा म्हणूनही देता येतो, आणि आकडा दिला तर ३ मे आणि ५ मार्च यांची अदलाबदल कंपायलरला कळत नाही. जुना शून्यही पूर्ण गेलेला नाही: प्रत्येक एनमला आपले स्थान सांगणारी ‘ऑर्डिनल’ ही मेथड असते आणि ती शून्यापासून मोजते, म्हणून ‘मंथ.जॅन्युअरी’ची खरी किंमत १ असली तरी ऑर्डिनल ० येतो. ते न वापरण्याची सूचना दस्तऐवजात ठळक दिली आहे. तरीही डेटाबेसशी जोडणाऱ्या जेपीए या मानकात एनम साठवण्याची गृहीत पद्धत ऑर्डिनलचीच आहे, त्यामुळे काही सांगितले नाही तर तक्त्यात पुन्हा ० ते ११ जाऊन बसतात.

वाचनालयात पुन्हा एकदा

२०११ मध्ये आम्ही ती ओळ सुलटी केली आणि चुकीच्या मुदती पावत्यांवरून नव्याने काढल्या. थकबाकीची यादी पुन्हा पूर्वीइतकी लांब झाली, आणि त्याचा दोष अर्थातच आमच्याकडे आला. तेव्हा जावा.टाइम नव्हते, म्हणून मुदत वाढवण्याची एकच मेथड आम्ही स्वतः लिहिली, तिच्या नावातच ‘महिन्यांनी वाढव’ असे शब्द घातले आणि इतरत्र ‘ॲड’ला हात लावायचा नाही असे ठरवले. हा ठराव आमच्यातच राहिला. कंपायलरला त्याची खबर नव्हती.

२०१६ मध्ये प्रोग्रॅम आठव्या आवृत्तीवर नेला तेव्हा खरी परीक्षा झाली. पावत्यांच्या तक्त्यात महिना आकड्याने साठवला होता, आणि तो कॅलेंडरमधून निघालेला, म्हणजे शून्यापासूनचा. नव्या कोडात तोच आकडा आम्ही ‘मंथ.ऑफ’ला दिला. आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होते, त्यामुळे वार्षिक अहवालाची पहिली ओळ एप्रिलची असायला हवी होती. तिथला ३ हा आकडा नव्या टाइपने मार्च म्हणून वाचला. मे एप्रिल झाला, जून मे झाला, आणि डिसेंबरचा नोव्हेंबर होईपर्यंत नऊ महिने सारे गुपचूप एकेक पाऊल मागे सरकले. दहाव्या महिन्यात जानेवारीचा ० समोर आला, आणि शून्य नावाचा महिना अस्तित्वात नाही म्हणून प्रोग्रॅम बंद पडला. तो बंद पडला म्हणून अहवाल छापला गेला नाही. वारांच्या रकान्यात तेवढेही नशीब नव्हते. जुना रविवार १ आणि नवा सोमवार १, दोन्हीकडे आकडे १ ते ७ च, त्यामुळे कुठेही न अडखळता प्रत्येक वार पुढच्या दिवशी गेला. वाचनालयाची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असताना त्या दिवशी वर्गणी जमा झालेली दिसली, तेव्हा ते लक्षात आले.

तक्त्यातले दोन्ही रकाने आम्ही आकड्यांऐवजी नावांनी भरले. जुन्या आकड्यांवरून नावे काढणारा छोटा क्लास एकदाच चालवला: त्यात महिन्यासाठी एक मिळवणारी आणि वारासाठी रविवारचा सातवा क्रमांक लावणारी, अशा दोनच मेथड होत्या. काम झाल्यावर तो पुसून टाकण्याआधी लेखनिकाने विचारले की पावतीच्या यादीतली ‘डिसेंबर’खालची कोरी ओळ आता जाईल का. नवी यादी ‘मंथ’ टाइपच्या किमतींवरून भरली होती. तिच्यात बाराच ओळी होत्या.